न खणता रोमन शहर वाचायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन पुरातत्त्वाबद्दल मराठीत बोलायला लागले की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि ते रास्त असतात. माती न उकरता आतले कसे कळणार? कळले तर मग खणत का नाही? आणि या सगळ्याशी आपला काय संबंध? ज्या प्रश्नांत सांगण्यासारखे जास्त आहे तिथे सविस्तर लिहिले आहे, बाकीचे थोडक्यात उरकले आहेत.

न खणता अभ्यास म्हणजे नेमके काय?

जमिनीत दडलेल्या किंवा उभ्या असलेल्या अवशेषाला धक्का न लावता त्याची माहिती मिळवणे. त्यात जमिनीवरून यंत्र फिरवून केलेली पाहणी येते, विमानातून, ड्रोनमधून वा उपग्रहातून घेतलेली छायाचित्रे येतात, भिंतीचा तुकडाही न खरवडता तिच्यावरचा रंग ओळखणे येते आणि गुंडाळी न उलगडता आतला मजकूर वाचणेही येते. नांगरलेल्या शेतातून ओळीने चालत पृष्ठभागावरची खापरे टिपत जाणे ही यातली सगळ्यात जुनी पद्धत. तिला यंत्र लागत नाही, फक्त नजर लागते. खापरे उचलून नेली तर मात्र तीही पूर्णपणे निरुपद्रवी राहत नाही, म्हणून अलीकडे पुष्कळ ठिकाणी ती जागेवरच मोजून तिथेच ठेवतात.

खणण्यात वाईट काय आहे? पुरातत्त्व म्हणजे उत्खननच ना?

उत्खननात वाईट काही नाही, पण ते एकदाच करता येते. मातीचा थर एकदा उचलला की त्याच क्रमाने पुन्हा घालता येत नाही. राख, विटांचा चुरा आणि पडलेली कौले एकमेकांवर कशी पडली यावरूनच घर जळले की सोडून दिले, आधी काय घडले आणि मग काय, हे कळते. तो क्रम ज्याने खणला त्याच्या वहीतच उरतो, आणि वही जेवढी चांगली तेवढाच तो उरतो.

इंग्लंडमधल्या सिलचेस्टरचे उदाहरण मला नेहमी आठवते. काल्लेव्हा आत्रेबातुम हे रोमन शहर तिथल्या शेतांखाली आहे. 1890 ते 1909 या काळात लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने तटबंदीच्या आतले जवळजवळ सगळे शहर खणले आणि रस्ते, घरे, मंदिरे दाखवणारा सुरेख नकाशा तयार केला. तो नकाशा आजही उपयोगी पडतो. पण मजूर दगडी भिंतींचा माग काढत चर खणत होते. लाकडी घरांच्या खुणा म्हणजे मातीतले नुसते गडद डाग, ते कोणाच्या ध्यानातच आले नाहीत. 1997 पासून रेडिंग विद्यापीठाने त्यातला एकच चौक, म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा एक गट, पुन्हा उघडला आणि त्या एका चौकावर अठरा हंगाम घालवले. तेव्हा दगडी घरांच्या आधीची, लाकडी बांधकामांची आणि रोमनांच्याही आधीच्या वस्तीची गोष्ट समोर आली. जुन्या मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या काळाच्या मानाने त्यांचे काम उत्तम होते. मात्र आपलेही काम पुढच्यांना असेच अपुरे दिसणार आहे, आणि त्यांच्यासाठी जमीन शिल्लक ठेवायची ती याच कारणाने.

दुसरी गोष्ट उघडे पडल्यानंतरची. जमिनीखाली अठराशे वर्षे टिकलेला भित्तिलेप ऊन, पाऊस आणि शेवाळ यांच्या तावडीत सापडला की काही दशकांत फिका पडतो. खणून झाले की खरा खर्च सुरू होतो आणि तो पिढ्यान् पिढ्या चालतो.

वरून यंत्र फिरवून आतले दिसते तरी कसे?

दिसत काहीच नाही. आजूबाजूच्या मातीहून वेगळे काय आहे, एवढेच मोजले जाते. त्यासाठी मुख्यत्वे तीन पद्धती वापरतात.

पहिली आपल्या गावातही पाहायला मिळते. बोअर मारण्याआधी भूजलाची पाहणी करणारे लोक जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकतात, त्यांतून वीज सोडतात आणि जमीन तिला किती विरोध करते ते मोजतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी 1946 मध्ये डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स इथे हीच युक्ती पुरातत्त्वासाठी वापरली. दगडी भिंत कोरडी असते, तिथे विरोध वाढतो. बुजलेल्या खंदकात ओल टिकून राहते, तिथे तो उतरतो. एकेका मीटरवर असे आकडे घेऊन ते कागदावर मांडले की भिंतींच्या रेषा उमटतात. काम सावकाश चालते, पण खात्रीचे असते.

दुसरी चुंबकीय पाहणी. युरोपात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण 45 ते 50 हजार नॅनोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचे एकक) असते. पुरलेल्या खंदकामुळे त्यात अवघ्या काही नॅनोटेस्लांचा फरक पडतो आणि तो फरक पकडायचा असतो. भाजलेली माती याबाबतीत फार बोलकी. भट्टी तापून थंड होताना तिच्या मातीतले लोहकण त्या काळच्या चुंबकीय दिशेनुसार स्थिरावतात आणि तसेच राहतात. 1958 मध्ये ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकेन यांनी वॉटर न्यूटन इथे, नव्या रस्त्याच्या कामात जमीन खणली जाण्याआधी, याच पद्धतीने रोमन कुंभारांच्या भट्ट्या शोधून काढल्या. पुरातत्त्वातल्या चुंबकीय मापनाची सुरुवात अशी एका रोमन भट्टीपाशी झाली. हे यंत्र धरून चालणाऱ्याला पट्ट्याचे बक्कल, बुटांतले लोखंड, खिशातला मोबाइल असे सगळे बाजूला ठेवावे लागते. शेजारी तारेचे कुंपण असेल तर तेवढी पट्टी वायाच जाते.

तिसरी भूभेदी रडार, म्हणजे जीपीआर. यात यंत्र जमिनीत रेडिओ लहरी सोडते. भिंत, फरशी, पोकळी असे काही आडवे आले की लहरीचा काही भाग परत येतो, आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढता येते. शेजारशेजारच्या शेकडो ओळी जोडल्या की जमिनीच्या आडव्या चकत्या पाडता येतात: अर्ध्या मीटरवर काय आहे, एका मीटरवर काय, दीड मीटरवर काय. खोलीचा हिशेब देते म्हणून शहरांच्या अभ्यासात ही पद्धत सगळ्यांत मोलाची ठरली आहे.

एखादे अख्खे शहर असे पाहिले गेले आहे का?

हो. फालेरी नोवी. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या रोमन पुरातत्त्वातल्या सर्वांत सुंदर कामांपैकी हे एक आहे.

रोमच्या उत्तरेला सुमारे 50 किलोमीटरवर हे शहर आहे. इ.स.पू. 241 मध्ये रोमने फालिस्कन लोकांचे बंड मोडले, त्यांना डोंगरावरच्या जुन्या शहरातून हलवले आणि सपाटीवर नवे शहर वसवले. मध्ययुगाच्या सुरुवातीला लोक निघून गेले. त्यावर पुढे दुसरे शहर कधी उभे राहिले नाही. आज तिथे तटबंदी आहे, वेशी आहेत, सांता मारिया दी फाल्लेरी हे मध्ययुगीन चर्च आहे आणि बाकी शेते. तटाच्या आत 30.5 हेक्टर, म्हणजे सुमारे 75 एकर जमीन.

1990 च्या दशकाच्या अखेरीस इथे चुंबकीय पाहणी झाली, तेव्हाच रस्त्यांची जाळी आणि चौक यांचा आराखडा मिळाला. त्यानंतर केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या चमूने क्वाड बाइकमागे रडारच्या अँटेना जोडून संपूर्ण शहर पालथे घातले. दर 12.5 सेंटिमीटरला एक नोंद. एकूण नोंदी 28 अब्जांहून जास्त. 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाजाराची इमारत, मंदिर, स्नानगृहांचा समूह, आणि उत्तरेच्या वेशीजवळ तीन बाजूंनी ओवऱ्या असलेले एक प्रचंड सार्वजनिक आवार, ज्याच्या तोडीचे दुसरे काही माहीत नव्हते.

मला त्यातली सर्वांत विलक्षण वाटते ती पाण्याच्या नळांची गोष्ट. नळ नुसते रस्त्यांच्या कडेने गेलेले नाहीत, ते घरांच्या चौकांखालून आरपार गेले आहेत. म्हणजे घरे बांधण्याआधी नळ टाकले गेले. पाणी कुठून येणार, कुठे जाणार याचा विचार आधी झाला आणि शहर नंतर उभे राहिले. एखाद्या कोपऱ्यात चर घेऊन हे कधीच कळले नसते. ते कळायला सगळे शहर एका नजरेत यावे लागते.

मग यंत्राला सगळेच कळते म्हणायचे का?

नाही. भिंत आहे हे कळते, ती पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातली की तीनशे वर्षे नंतरची, हे कळत नाही. एकावर एक बांधलेली तीन घरे रडारला एकमेकांत मिसळलेली दिसू शकतात. लाकडी खांबाचा खड्डा सुटू शकतो. स्वयंपाकघर कोणते, गोठा कोणता, तिथे काय शिजत होते, यांतले काहीही आकड्यांतून निघत नाही. शिवाय आकडे आपोआप बोलत नाहीत, त्यांवरून आराखडा काढणारे डोळे लागतात. फालेरी नोवीच्या एकेका हेक्टरची नोंद हाताने लावायला सुमारे 20 तास लागत होते.

आणि जिथे काही दिसले नाही तिथे काहीच नाही, असे कधीही म्हणू नये. चिकणमाती रडारच्या लहरी गिळून टाकते. अशा जमिनीत कोरा आलेला नकाशा यंत्राची मर्यादा सांगतो, जमिनीची नाही.

म्हणजे शेवटी खणावेच लागते?

थोडेसे, आणि विचारपूर्वक. नकाशा हातात असला की प्रश्न नेमका विचारता येतो: या दोन भिंती जिथे एकमेकींना भिडतात तिथे दोन मीटरचा खड्डा घेतला, तर आधी कोणती ते कळेल. फालेरी नोवीतही पाहणीनंतर निवडक जागी उत्खनन सुरू झाले आहे. इंतेराम्ना लिरेनास या रोमच्या दक्षिणेकडच्या वसाहतीत असेच झाले. आधी सगळ्या शहराची पाहणी, मग नकाशात उठून दिसलेल्या जागी उत्खनन, आणि तिथे छप्पर असलेले नाट्यगृह निघाले. शोभेच्या वस्तू मिळाव्यात म्हणून सरसकट खणत सुटण्याचे दिवस गेले, हे चांगलेच झाले.

पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठीच्या 1992 च्या व्हॅलेटा करारात युरोपीय देशांनी शक्य तिथे विनाशक नसलेल्या पद्धतीच वापरायच्या, हे लेखी मान्य केले आहे.

ग्लॅडिएटरांची शाळा खरेच न खणता सापडली?

हो. व्हिएन्नाच्या पूर्वेला डॅन्यूबच्या काठी कार्नुन्तुम हे सीमेवरचे मोठे शहर होते. तिथल्या नाट्यवर्तुळाजवळच्या (ॲम्फिथिएटर, जिथे ग्लॅडिएटर म्हणजे रोमन लढवय्ये प्रेक्षकांसमोर झुंजत) शेतात काहीतरी आहे हे हवाई छायाचित्रांवरून लक्षात आले होते. लुडविग बोल्ट्समान संस्थेच्या चमूने रडार आणि चुंबकीय यंत्रे फिरवली आणि 2011 मध्ये जाहीर केले की सुमारे 2,800 चौरस मीटरची ग्लॅडिएटर-शाळा जमिनीखाली आहे. अंगणात 19 मीटर व्यासाचे सरावाचे वर्तुळ, त्याच्या मधोमध लाकडी खांब रोवल्याची खूण, बाजूला राहण्याच्या खोल्या, स्नानगृह आणि हिवाळ्यात सराव करता यावा म्हणून खालून तापवलेले दालन. त्या खांबावर लाकडी तलवारीने घाव घालत नवशिके शिकत. खांब कधीच कुजून गेला, पण तो जिथे रोवला होता तिथली माती आजही वेगळी आहे.

विमानातून आणि उपग्रहातून काय कळते?

ज्याने शेती केली आहे त्याला यातले तत्त्व सांगावे लागत नाही. ज्या पट्ट्यात खाली मुरूम किंवा दगड वर आलेला असतो तिथली ज्वारी आधी माना टाकते, आणि जुनी चारी बुजवलेली असते तिथले पीक जास्त दिवस हिरवे राहते. पुरलेली भिंत आणि पुरलेला खंदक पिकावर तसाच परिणाम करतात. जमिनीवर उभे राहून तो दिसत नाही, उंचावरून रेषा होऊन दिसतो.

व्हेनिसजवळच्या अल्तीनुमचे तसेच झाले. 2007 च्या जुलैत कडक अवर्षण पडले होते. पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वेळी मका आणि सोयाबीनच्या शेतांची, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशासह, हवाई छायाचित्रे घेतली. शेतकऱ्यांचे पीक ताणात होते आणि त्या ताणातून संपूर्ण शहर उमटले: तट, वेशी, नाट्यगृह, आणि शहरातून वाहणारा कालवा. व्हेनिसच्या पूर्वजांचे हे शहर, आणि त्यातही कालवा होता.

सीरिया आणि इराकची गोष्ट निराळ्या कारणाने महत्त्वाची आहे. फ्रेंच पाद्री आंत्वान प्वादबार यांनी 1920 च्या दशकात विमानातून त्या वाळवंटाची पाहणी केली आणि 1934 मध्ये 116 रोमन किल्ल्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या मते ती शत्रूला रोखणारी उत्तर-दक्षिण संरक्षक रांग होती. 2023 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी शीतयुद्धातल्या अमेरिकी हेरउपग्रहांची, आता खुली झालेली, छायाचित्रे तपासून आणखी 396 किल्लेसदृश वास्तू दाखवल्या. त्या उत्तर-दक्षिण रांगेत नव्हत्या, पूर्व-पश्चिम पसरलेल्या होत्या. म्हणजे किल्ले भिंतीसारखे नसून तांडे, सैन्य आणि माल यांच्या वाटेवरचे टप्पे असावेत, असा अर्थ निघतो. ही छायाचित्रे 1960 आणि 70 च्या दशकांतली आहेत. त्यानंतर धरणे झाली, शेती पसरली, गावे वाढली. त्यांतले पुष्कळ किल्ले आता फक्त त्या फिल्मवर उरले आहेत.

जंगलाखालचे पाहायचे असेल तर लायडार वापरतात. विमानातून लेसरचे लाखो ठिपके खाली सोडतात, त्यांतले काही पानांच्या फटींतून जमिनीला टेकून परततात. झाडे गणितातून वजा केली की उघडी जमीन दिसते. स्पेनच्या उत्तरेला लायडार, जुनी हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे एकत्र वापरून 66 रोमन लष्करी छावण्यांची नोंद 2020 मध्ये प्रसिद्ध झाली.

पाहणीला हंगाम असतो का?

असतो. विजेच्या विरोधाची पाहणी करायला जमीन अगदी कोरडी नको आणि चिखलही नको. आपल्याकडे पेरणीसाठी वापसा बघतात, जवळजवळ तसेच. रडारला उलट कोरडी जमीन मानवते, कारण ओली चिकणमाती लहरी पुढे जाऊच देत नाही. पिकांतल्या खुणा अवर्षणात उठून दिसतात. एकाच जागेची पाहणी दोन ऋतूंत केली तर दोन वेगळे नकाशे हाती येतात आणि दोन्ही खरे असतात.

जळालेल्या गुंडाळ्या न उघडता वाचल्या म्हणतात, ते कसे शक्य आहे?

इ.स. 79 मध्ये इटलीतल्या व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम या शहरातल्या एका श्रीमंत घरातले ग्रंथालय कोळसा होऊन गाडले गेले. 1752 पासून त्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्या सापडत गेल्या. अनेक गुंडाळ्या उलगडण्याच्या नादात चुरा झाल्या. उरलेल्यांना हात लावायचा नाही, हे शहाणपण उशिरा आले, पण आले.

आता गुंडाळीचे क्ष-किरणांनी अतिसूक्ष्म त्रिमित चित्रण करतात. ऑक्सफर्डशायरमधल्या डायमंड लाइट सोर्स या केंद्रात असे चित्रण झाले. मग संगणकात एकेक वेटोळे शोधून सपाट करतात. अडचण शाईची होती: शाई काजळीची आणि पपायरसही जळून कोळसा झालेला, दोन्ही कार्बनच, क्ष-किरणांना फरक दिसत नाही. केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनी या कामाला आयुष्याची वीस वर्षे दिली. 2023 मध्ये व्हेसूव्हियस चॅलेंज ही खुली स्पर्धा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला शब्द जाहीर झाला. ग्रीक शब्द, अर्थ ‘जांभळा’. फेब्रुवारी 2024 मध्ये युसेफ नादेर, ल्यूक फॅरिटर आणि युलियन शिलिगर या तिघा तरुणांना 7 लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यांनी सलग स्तंभ वाचून दाखवले होते: सुखाबद्दलचे, अन्नाबद्दलचे, संगीताबद्दलचे चिंतन. अठराव्या शतकात कोणी उरलेल्या सगळ्या गुंडाळ्या हट्टाने उघडल्या असत्या, तर आज वाचायला काही राहिले नसते.

याच्या बहिणीसारखी गोष्ट विंडोलांडाची. ब्रिटनमधल्या या रोमन किल्ल्यात 1973 पासून पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पाट्या सापडू लागल्या. हवेत आल्यावर त्यांवरची शाई डोळ्यांना दिसेनाशी झाली, पण अवरक्त छायाचित्रात ती पुन्हा दिसू लागली. त्यांत एका अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलेले पत्र आहे. शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत.

या पद्धती जतनासाठी कशा उपयोगी पडतात? शोध लागला, पुढे काय?

6 नोव्हेंबर 2010 रोजी, मुसळधार पावसानंतर, व्हेसूव्हियसनेच गाडलेल्या पॉम्पेई या शहरातली स्कोला आर्मातुरारुम ही इमारत कोसळली. विसाव्या शतकात तिच्यावर घातलेले काँक्रीटचे जड छप्पर आणि मागच्या न खणलेल्या मातीत साचलेले पाणी, या दोन्हींचा भार तिला पेलवला नाही. या धक्क्यानंतर युरोपीय संघाच्या मदतीने 10.5 कोटी युरोंचा महाप्रकल्प उभा राहिला. त्यात भिंतींच्या डागडुजीइतकेच महत्त्व पाण्याच्या निचऱ्याला दिले गेले.

आता तिथे रडार उपग्रहांवरून जमिनीची आणि भिंतींची हालचाल मोजतात. उपग्रह पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून जातो, लहरीतला बारीक फरक ताडून पाहिला की काही मिलिमीटरची खचणसुद्धा कळते. भिंतीला तडा जाण्याआधी ती कलू लागते आणि ते कलणे वेळेत कळले तर टेकू देता येतो. उष्णता टिपणारा कॅमेरा लेपाच्या मागची ओल आणि पोकळी दाखवतो. रंगांतला एक तर फार गोड आहे. रोमनांनी वापरलेला ‘इजिप्ती निळा’ लाल प्रकाशात ठेवला की अवरक्त उजेड फेकतो. पांढऱ्याफटक वाटणाऱ्या भिंतीवर किंवा पुतळ्यावर त्याचे काही कण उरले असले तरी विशिष्ट कॅमेऱ्यात ते ताऱ्यांसारखे चमकतात.

मात्र जमिनीत ठेवले म्हणजे सुरक्षित राहिले, असे मानून निवांत बसता येत नाही. खोल नांगरट दरवर्षी थोडे थोडे अवशेष खरवडते. विंडोलांडासारख्या ठिकाणी लाकूड, चामडे आणि शाई टिकली ती दमट, हवाबंद मातीमुळे. ती माती उन्हाळ्यात सुकू लागली की आतले सगळे कुजते. म्हणून जवळच्या मॅग्ना किल्ल्यात आता जमिनीतली ओल आणि रसायने यांवर उपकरणांनी नजर ठेवली जाते. न खणणे हा निर्णय घेतला की राखणही करावी लागते.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणे यातच येते का?

नाही. यंत्र वाजेपर्यंत हानी नसते. ते वाजल्यावर खड्डा खणून नाणे काढले की ते कोणत्या थरात, कशाशेजारी होते ही माहिती संपते. ब्रिटनमध्ये प्रामाणिक छंदिष्टांनी आपल्या वस्तू नोंदवाव्यात म्हणून 1997 पासून नोंदयोजना आहे आणि तिने अभ्यासात मोलाची भर घातली आहे. चोरट्यांची गोष्ट वेगळी. सीरियातल्या अपामिया या प्राचीन शहराची 2011 आणि 2012 ची उपग्रहचित्रे शेजारी ठेवून बघा. पहिल्यात शेते आहेत, दुसऱ्यात देवी आल्यासारखे खड्डेच खड्डे. म्हणूनच काही ठिकाणी पाहणीचे नकाशे पूर्ण तपशिलांसह लगेच खुले करत नाहीत.

जमिनीला हातच लावायचा नाही, मग परवानगी कशाला?

तरीही लागते. इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारकावर अशी यंत्रे वापरायची तर 1979 च्या कायद्याच्या 42 व्या कलमाखाली परवाना घ्यावा लागतो. शिवाय शेतमालकाची संमती हवीच. कोणीतरी यंत्र घेऊन शेतात चालताना दिसले की जमीन जाणार, ही भीती फक्त आपल्याकडच्या मोजणीतच वाटते असे नाही. बांधावर बसून शेतकऱ्याला पहिला नकाशा दाखवणे हा या कामाचा भागच आहे. आपल्या नांगराखाली रस्ता होता हे पाहिलेला माणूस त्या जागेचा पहारेकरी होतो.

या सगळ्याशी महाराष्ट्राचा काय संबंध?

खरा आणि जुना संबंध आहे. 1938 मध्ये पॉम्पेईत एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची, भारतीय घडणीची. नेपल्सच्या संग्रहालयात ती आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन इथे मिळाल्या. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत तगर आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जातो, असा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवतेची रोमन कांस्यमूर्ती मिळाली आणि ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. व्हेसूव्हियसने गाडलेल्या घरातली एक वस्तू आपल्याकडच्या कारागिराच्या हातची असू शकते, हे कळल्यापासून मला ते शहर परके वाटत नाही.

मग तेरला किंवा पैठणला हीच यंत्रे फिरवून सगळे शहर का दाखवत नाहीत?

आपली जमीन यंत्राला अवघड आहे. दख्खनचा बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय आहे. पायात, जोत्यात, शेतात, सगळीकडे तोच दगड, त्यामुळे भट्टीचा बारीक आवाज त्या गोंगाटात हरवतो. काळी माती रडारच्या लहरी फार खोल जाऊ देत नाही. आणि फालेरी नोवीवरचे लोक निघून गेले होते, तेर आणि पैठणमध्ये ते आजही राहतात. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर घरे आहेत, देवळे आहेत. म्हणून इथे विजेच्या विरोधाची पाहणी, जुनी उपग्रहचित्रे आणि खापरांची शिस्तीत घेतलेली नोंद यांचा मेळ घालावा लागेल. पांढरीची माती घरासाठी आणि शेतासाठी उचलून नेणे थांबले, तर तेच पहिले जतन ठरेल.

माझ्या शेतात जुनी खापरे किंवा नाणी दिसली तर?

जागेवर फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, मोबाइलवरून जागेची नोंद करा. आणखी खणू नका आणि धुऊ तर मुळीच नका. जमिनीत पुरलेले धन 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तालुक्याचे तहसील कार्यालय किंवा राज्याचा पुरातत्त्व विभाग, कुठेही सुरुवात करता येते.

पॉम्पेईचा उरलेला भाग कधी खणणार?

तटाच्या आतल्या सुमारे 66 हेक्टरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून मातीखाली आहे. 2018 नंतर तिथे जे नवे उत्खनन झाले त्यातले बरेचसे, न खणलेल्या भागाच्या कडेचे मातीचे कडे जुन्या भिंतींवर कोसळू नयेत म्हणून त्यांना उतार देताना झाले. रंगीत ओट्याचे प्रसिद्ध खाद्यगृह त्याच कामात मिळाले. बाकीचे शहर आहे तसे राहू दिले आहे. वर गवत वाढते, त्याची मुळे खाली भिंतींत शिरतात, म्हणून ते वेळच्या वेळी काढावे लागते. त्यासाठी यंत्राऐवजी दीडशे मेंढ्यांचा कळप सोडतात. खाली कोणाची घरे, कोणाच्या बागा, कोणाची भिंतीवर लिहिलेली उधारी आहे, आणि वर मेंढ्या चरत असतात.